संघाचा निर्णय आणि डॉ. आंबेडकर : संस्थांच्या निर्णयप्रक्रियेविषयी एक विचार

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्वत्तेचा परामर्श घेताना अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित, समाजशास्त्रज्ञ आणि बौद्ध धम्माचे भाष्यकार अशा चार अंगांनी विचार करण्याचा प्रघात आहे. माणसांचा समूह एकत्र बसून निर्णय कसा घेतो, कोणता निर्णय खरोखर त्या समूहाचा म्हणावा आणि कोणता केवळ त्याच्या नावावर खपविलेला असतो, या प्रश्नाकडेही त्यांनी आयुष्यभर बारकाईने पाहिले होते. या अंगाची चर्चा मराठीत फारशी झालेली नाही. प्रस्तुत लेखात तेवढाच विषय घेण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय आम्हांस सुचला तो ग्रंथालयात नव्हे, तर बुलढाणा जिल्ह्यातील घाटाखालच्या एका गावी. तेथील विहाराच्या समितीने आवारभिंत आणि कमान बांधण्याचा ठराव केला होता. मुलामुलींसाठी अभ्यासिका व्हावी अशी महिला मंडळाची जुनी मागणी होती आणि जमलेल्या वर्गणीतील मोठा वाटा त्यांनीच उभा केला होता. इतिवृत्ताच्या वहीत ठराव 'एकमताने मंजूर' असा लिहिलेला होता, खाली सह्याही होत्या. सभा भरली होती कापूस वेचणीच्या ऐन हंगामात, दुपारी. ठराव पुन्हा विचारात घ्यावा असे स्त्रियांनी म्हणताच, 'एकदा ठरलेले उकरून काढू नये, आणि तेव्हा कोणी विरोध केला नाही', असे उत्तर त्यांना मिळाले. एक वृद्ध उपासिका आम्हांस म्हणाली, "आमी चूप नव्हतो भाऊ, आमी तठी होतोच कुठी?"

या एका वाक्यात विनयपिटकातील एक मोठा सिद्धान्त दडलेला आहे, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपण मात्र तो जाणून घेतला पाहिजे.

पूर्वपीठिका

भिक्खुसंघाच्या सभानियमांकडे आधुनिक विद्वानांचे लक्ष एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेधले गेले. हर्मान ओल्डेनबर्ग यांनी पाली विनयपिटकाचे संपादन केले. पुढे त्यांनी व र्‍हीस डेव्हिड्स यांनी मिळून त्यातील मोठ्या भागाचे इंग्रजी भाषांतर १८८१ ते १८८५ या काळात प्रसिद्ध केले. काशीप्रसाद जयस्वाल यांच्या १९२४ सालच्या 'हिंदू पॉलिटी' या ग्रंथात प्राचीन गणराज्यांच्या कार्यपद्धतीचा शोध घेण्यासाठी संघाच्या नियमांचा उपयोग केलेला आहे. गणराज्यांच्या सभांची इतिवृत्ते उपलब्ध नाहीत, संघाचे नियम मात्र तपशिलाने उपलब्ध आहेत. तेव्हा एकावरून दुसर्‍याचे अनुमान करावयाचे, अशी ही पद्धत होती.

मराठी वाचकापर्यंत हे ज्ञान आणण्याचे श्रेय गोव्यातील साखवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांचे. १९०२ साली श्रीलंकेत प्रव्रज्या घेऊन मूळ पालीचे अध्ययन केलेल्या या पंडिताने १९२६ साली 'बौद्धसंघाचा परिचय' हा ग्रंथ लिहिला. संघाचे नियम आणि संघातील स्त्रीपुरुषांची चरित्रे त्यामुळे सुबोध मराठीत वाचावयास मिळाली. पुढे 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी गृहत्यागाच्या रूढ कथेविषयी मूलगामी शंका उपस्थित केली. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाने नव्हे, तर शाक्य व कोलिय यांच्यातील कलहाने आणि शस्त्रधारणाच्या उबगाने सिद्धार्थ बाहेर पडला असावा, असा त्यांचा तर्क होता.

तेव्हा संघाच्या सभानियमांचा शोध बाबासाहेबांनी लावला असे म्हणणे बरोबर होणार नाही, आणि त्यांच्या थोरवीस अशा अतिशयोक्तीची गरजही नाही. त्यांनी केले ते वेगळे. पूर्वसूरींनी प्राचीन वैभवाचा पुरावा म्हणून पाहिलेल्या या सामग्रीस त्यांनी आजच्या संस्थांना विचारावयाच्या प्रश्नांचे रूप दिले.

२५ नोव्हेंबर १९४९

संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या समारोपाच्या भाषणात त्यांनी भिक्खुसंघांचा उल्लेख केला. संघ म्हणजे संसदाच होत्या. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, शलाकेने गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव, एकदा निकालात निघालेला वाद पुन्हा न उकरण्याचा दंडक, हे सारे नियम त्यांना ठाऊक होते, असे त्यांनी सांगितले. तत्कालीन राजकीय सभांमधून बुद्धाने हे नियम घेतले असावेत असेही ते म्हणाले. मात्र हा उल्लेख अभिमानासाठी केलेला नव्हता. जी व्यवस्था या देशास माहीत होती ती देशाने गमावली. दुसर्‍यांदाही तो ती गमावणार काय, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

ज्या सभेपुढे ते हे बोलत होते तिचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. त्यांनीच दिलेल्या माहितीप्रमाणे २ वर्षे ११ महिने १७ दिवस या सभेचे काम चालले. एकूण ११ अधिवेशने आणि १६५ दिवस. त्यांपैकी ११४ दिवस मसुद्याच्या विचारात गेले. सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष मांडण्यात आल्या. विलंब झाला म्हणून टीका करणार्‍यांना त्यांनी हे आकडे ऐकविले. मोठा निर्णय अनेकांच्या हरकती पचवून झाला असेल तरच तो टिकतो, ही दृष्टी त्यामागे आहे.

त्याच भाषणात त्यांनी सभागृहातील बंडखोरांचे आभार मानले, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. सर्वच सभासद पक्षशिस्तीपुढे मान तुकवते तर कामकाज नीरस झाले असते, अशा आशयाचे उद्गार काढून त्यांनी ज्यांची नावे घेतली त्यांत कामत, सिधवा यांच्याबरोबर डॉ. पंजाबराव देशमुख हेही होते. अमरावतीस शिक्षणसंस्थेचा पाया घालणारे पंजाबराव आमच्या वर्‍हाडचे. ज्यांच्या दुरुस्त्या आपण नेहमी स्वीकारल्या नाहीत, त्यांच्यामुळेच संविधानातील तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी मिळाली, ही कबुली मसुदा समितीच्या अध्यक्षांनी दिली. विरोधक हा निर्णयातील अडथळा नव्हे, तो निर्णयाचा एक घटक आहे, असा याचा अर्थ होतो.

संघकम्माची रीत

आता बाबासाहेबांनी ज्या नियमांकडे बोट दाखविले ते प्रत्यक्षात कसे चालत, हे पाहू.

संघाच्या कार्यास 'संघकम्म' म्हणतात. ते वैध ठरण्यास दोन गोष्टी लागत. एक, ते 'धम्माने', म्हणजे विहित रीतीने झालेले असावे. दुसरी, ते 'समग्ग', म्हणजे अखंड संघाने केलेले असावे. महावग्गाच्या चम्पेय्यक्खन्धकात या दोहोंच्या जोडीने चार प्रकार सांगितले आहेत. रीत चुकीची आणि संघ अपुरा. रीत चुकीची पण संघ पूर्ण. रीत बरोबर पण संघ अपुरा. आणि रीत बरोबर व संघही पूर्ण. पहिले तीनही त्याज्य. केवळ चौथा ग्राह्य. सभा नियमानुसार चालविली, एवढ्याने भागत नाही. ज्यांनी असावयास हवे ते होते काय, हेही पाहावे लागते.

गणपूर्तीची संख्या कार्याप्रमाणे ठरलेली होती. चार भिक्खूंचा संघ सामान्य कार्ये करू शके. काही कार्यांस पाच, मध्यदेशातील उपसंपदेस दहा, आणि गंभीर आपत्तीतून शुद्ध झालेल्यास संघात परत घेण्याच्या 'अब्भान' कार्यास वीस भिक्खू लागत. संख्या पुरी करणार्‍यास 'गणपूरक' म्हणत. आजच्या मराठीतील 'गणपूर्ती' या शब्दाचे त्याच्याशी असलेले साम्य वाचकांच्या लक्षात येईलच.

एखादा भिक्खू आजारी असल्यास त्याने आपला 'छंद', म्हणजे संमती, दुसर्‍याकरवी पाठवावी. ती आणता येत नसेल तर त्यास मंचकासह सभेत आणावे. हलविल्याने त्याच्या जिवास धोका असेल तर संघानेच त्याच्याकडे जावे. परंतु त्यास वगळून अपुर्‍या संघाने कार्य करू नये. एका रुग्णासाठी सभेने उठून जावे, असे सांगणारा हा नियम निर्णयप्रक्रियेच्या इतिहासात फार महत्त्वाचा आहे, असे आम्हांस वाटते.

प्रस्ताव मांडण्यास 'ञत्ति' म्हणत. प्रथम विषय संघास कळवावयाचा, मग घोषणा करून संमती विचारावयाची. साधे कार्य असल्यास एक घोषणा, आणि उपसंपदेसारखे महत्त्वाचे असल्यास तीन घोषणा होत. ज्यांना मान्य असेल त्यांनी स्वस्थ राहावे, नसेल त्यांनी बोलावे, असे प्रत्येक वेळी स्पष्ट सांगितले जाई. शेवटी संघ स्तब्ध आहे म्हणून संघास हे मान्य आहे असे जाहीर होई. येथे मौन म्हणजे संमती खरी. पण ते मौन हजर असलेल्याचे, विषय ऐकलेल्याचे आणि बोलण्याची मुभा जाहीरपणे मिळालेल्याचे मौन आहे. गैरहजर माणसाच्या मौनास विनयात काहीच किंमत नाही.

पदाधिकार्‍यांची नेमणूकही ञत्तीनेच होई. निवासस्थाने नेमून देणारा, भोजनाची वाटणी करणारा, भांडाराचा रक्षक, आसने मांडणारा, अशी पदे होती. पक्षपात, द्वेष, भय आणि मोह यांच्या आहारी न जाणारा, आणि आपल्या कामाची माहिती असलेला, अशा गुणांची अपेक्षा त्याच्याकडून असे.

बहुमताची मर्यादा

वाद मिटविण्याच्या सात उपायांपैकी 'येभुय्यसिका', म्हणजे बहुमत, हा एक. त्यासाठी शलाका वाटण्यास 'सलाकागाहापक' निवडला जाई. मत घेण्याचे तीन प्रकार चुल्लवग्गात आले आहेत : गुप्तपणे, कानात सांगून आणि उघडपणे. प्रत्येक रंगाची शलाका कोणत्या पक्षाची हे सांगून ती निवडावयास देत आणि ती इतरांस दाखवू नये अशी सूचना देत.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. आजच्या अर्थाने निव्वळ डोकी मोजण्याची ही पद्धत नव्हती. अधम्मवादी संख्येने अधिक आहेत असे आढळल्यास शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत असे म्हणून त्या रद्द कराव्यात, असे विनय सांगतो. क्षुल्लक बाबीसाठी, किंवा मतदानाने संघ फुटेल असे दिसत असता मत घेणेही सदोष मानले आहे. आधुनिक संसदीय दृष्टीने पाहता यात निकाल हाती ठेवण्याचा धोका आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. तसेच भिक्खुणी भिक्खूंच्या सभेत गणपूर्तीसाठी मोजल्या जात नसत. त्यांचा संघ आणि त्यांची कम्मे वेगळी होती. म्हणून संघाचे नियम जसेच्या तसे उचलून आजच्या विहारात लावता येणार नाहीत. त्यांच्यामागील प्रश्न मात्र घ्यावा लागतो. बहुमत हा सत्याचा पुरावा आहे काय?

या प्रश्नास बाबासाहेबांनी दिलेले उत्तर त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात कथारूपाने आले आहे. विसाव्या वर्षी सिद्धार्थ शाक्यसंघाचा सभासद होतो आणि आठ वर्षे निष्ठेने काम करतो. रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी तंटा होतो. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो; दोन माणसे शाक्यांनी निवडावीत, दोन कोलियांनी, आणि त्या चौघांनी पाचवा निवडून तंटा सोडवावा, अशी दुरुस्ती सुचवितो. तिला अनुमोदन मिळते, मत घेतले जाते आणि ती मोठ्या बहुमताने फेटाळली जाते. पुढील सभेत सैन्यभरतीचा ठराव येतो. सिद्धार्थ नकार देतो. तेव्हा त्याच्या कुटुंबावर बहिष्कार घालण्याची आणि जमीन जप्त करण्याची भीती घातली जाते. कुटुंबास शिक्षा नको म्हणून तो परिव्राजक होण्याचा मार्ग स्वतःच सुचवितो.

कोसंबींनी सुचविलेल्या कारणास बाबासाहेबांनी येथे सभेचे रूप दिले, ही त्यांची स्वतंत्र भर होय. ठराव, दुरुस्ती, अनुमोदन, मतदान असे सर्व काही यथासांग होते. तरीही निर्णय चुकतो. सभेची रीत पाळली म्हणजे निर्णय न्याय्य झाला असे नाही, आणि अल्पमतात असलेला माणूस म्हणजे चुकलेला माणूस नव्हे. त्याच वेळी सिद्धार्थ सभा उधळून लावीत नाही, गुप्त कट करीत नाही; तो मत मांडतो, हरतो आणि किंमत स्वतः मोजतो. पुण्यातील डिस्ट्रिक्ट लॉ लायब्ररीच्या व्याख्यानात २२ डिसेंबर १९५२ रोजी त्यांनी लोकशाही यशस्वी होण्याच्या अटी सांगितल्या. विषमता नसणे, विरोधी पक्ष असणे, संवैधानिक नीती पाळली जाणे, बहुसंख्याकांचा जुलूम नसणे आणि लोकांची सदसद्विवेकबुद्धी जागी असणे यांचा त्यांत समावेश होता. शाक्यसंघाच्या त्या सभेत नेमके हेच कमी पडले होते.

समिती आणि सभा

संस्थेतील निर्णय प्रत्यक्षात कोठे होतो, याविषयीचे त्यांचे सर्वांत तीक्ष्ण निरीक्षण मंत्रिपदाच्या राजीनाम्यावरील निवेदनात आहे. हे निवेदन १० ऑक्टोबर १९५१ रोजी प्रसिद्ध झाले. हिंदू कोड बिलाचा प्रश्न त्यात प्रमुख होता, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु मंत्रिमंडळ हे समित्यांनी आधीच घेतलेल्या निर्णयांची नोंद करणारे कार्यालय झाले आहे, आणि त्या समित्यांचे काम पडद्याआड चालते, असेही त्यांनी त्यात लिहिले. परराष्ट्र व संरक्षण या विषयांच्या समित्यांवर ते नव्हते; तेथे काय ठरले हे सभासद नसलेल्या मंत्र्यास कळण्याचा मार्गच नव्हता. जबाबदारी सर्वांची आणि निर्णय काहींचा, ही ती तक्रार होती.

मग समिती मुळी नसावीच काय? संघाच्या इतिहासात याचेही उत्तर आहे. परिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशाली येथे दहा बाबींवरून वाद झाला. शिंगात मीठ साठविणे आणि सोनेनाणे स्वीकारणे या त्यांतील दोन. सातशे भिक्खू जमले, पण चर्चेत भाषणांना अंत राहिला नाही. तेव्हा ञत्ती मांडून 'उब्बाहिका', म्हणजे निवडक समिती, नेमण्यात आली : चार भिक्खू पूर्वेकडील आणि चार पश्चिमेकडील. आसने मांडण्यासाठी दहा वर्षे उपसंपदा झालेल्या अजित नावाच्या भिक्खूस नेमले. वालिकाराम येथे बसून रेवत स्थविरांनी एकेक बाब विचारली आणि सब्बकामी स्थविरांनी उत्तर दिले. निकाल लागल्यावर सब्बकामींनी म्हटले की, हेच प्रश्न संघाच्या मध्यभागी मला पुन्हा विचारावेत. त्याप्रमाणे सर्वांसमक्ष पुन्हा प्रश्नोत्तरे झाली.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की फरक डोळ्यांत भरतो. वैशालीची समिती सभेने निवडली, तीत दोन्ही बाजूंस समान स्थान होते, आणि तिने आपला निर्णय कारणांसह सभेपुढे उघड केला. बाबासाहेबांनी टीका केलेली समिती यांपैकी शेवटची गोष्ट करीत नव्हती. समितीने विचार करावा, सभेने फक्त ऐकावे, अशी स्थिती आली की सभा नाममात्र उरते.

पाश्चात्त्य अभ्यासाची जोड

ज्या काळात बाबासाहेब हे लिहीत होते, त्याच काळात अमेरिकेत संस्थांच्या निर्णयप्रक्रियेचे शास्त्र आकारास येत होते. हर्बर्ट सायमन यांचा प्रशासकीय वर्तनावरील ग्रंथ १९४७ साली निघाला. धर्मानंद कोसंबी यांचे सेवाग्राम येथे निधन झाले तेही ४ जून १९४७ रोजी. सायमन यांचे म्हणणे असे की, माणसाची विवेकशक्ती मर्यादित असते. सर्व पर्याय त्यास दिसत नाहीत, सर्व परिणाम मोजता येत नाहीत. म्हणून तो सर्वोत्तम नव्हे, तर पुरेसा वाटणारा पर्याय पत्करतो. शिवाय संस्थेतील निर्णय एका क्षणी एका माणसाकडून होत नाही. अनेक ठिकाणांहून आलेल्या माहितीची आणि मूल्यांची गृहीतके त्यात मिसळलेली असतात. या कार्याबद्दल त्यांना १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे सहकारी जेम्स मार्च यांनी १९७२ साली कोहेन आणि ओल्सेन यांच्यासह आणखी एक गोष्ट दाखविली. संस्थांमध्ये पुष्कळदा प्रश्न आधी आणि उपाय नंतर असे घडत नाही. उपाय तयार असतो आणि तो चिकटविण्यास प्रश्न शोधला जातो. आवारभिंतीसाठी पैसा मिळण्यासारखा आहे, म्हणून भिंतीची गरज आठवते, हा अनुभव खेड्यापाड्यांतील संस्थांना नवा नाही.

सायमन आणि बाबासाहेब यांचा परस्परांशी संबंध आला असे आम्ही सुचवीत नाही. मात्र एकाचे शास्त्र वाचले की दुसर्‍याच्या आग्रहाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. माणसाची दृष्टी अपुरी असते, म्हणूनच अनेकांनी बसावयाचे. अनेक बसले तरी गृहीतके एकाच गटाकडून येत असतील तर अपुरेपणा कायम राहतो, म्हणूनच विरोधक हवा. आणि येथे बाबासाहेब सायमन यांच्या पुढे एक पाऊल जातात. ज्या समाजात माणसे उतरंडीने रचलेली आहेत तेथे कोणाची माहिती सभेपर्यंत पोहोचते आणि कोणाची दाराशीच अडते, हे जन्माने ठरते. सामाजिक लोकशाहीवाचून राजकीय लोकशाही टिकत नाही, या त्यांच्या इशार्‍याचा संस्थांच्या दृष्टीने हा अर्थ आहे. विभूतिपूजेविषयीचा त्यांचा इशाराही त्याच भाषणातला. अध्यक्ष म्हणतील ते प्रमाण, असे म्हणून जी सभा उठते तिने निर्णय घेतलेला नसतो. निर्णयाची जबाबदारी टाकलेली असते.

आमचा जिल्हा

बुलढाणा जिल्ह्याशी या इतिहासाचा संबंध दुरान्वयाचा नाही. संग्रामपूर तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी भोन येथे या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तेथे विटांचा स्तूप आणि भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी उजेडात आल्या. स्तूप होता तेथे उपासक होते, आणि भिक्खूंचे येणेजाणे असणारच. जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्राचा प्रश्न या स्थळाशी जोडला गेलेला असल्यामुळे, असे स्थळ राहावे की जावे हे कोणी व कसे ठरवावे, हाही आपल्या विषयाचाच भाग ठरतो.

विनयातील एक प्रसंग तर दक्षिणापथाच्या वाटेवरचाच आहे. अवंती देशात सोण कुटिकण्ण याने महाकच्चान स्थविरांपाशी प्रव्रज्या घेतली. पण अवंती-दक्षिणापथात भिक्खू थोडे, म्हणून उपसंपदेस लागणारे दहा भिक्खू जमविण्यास तीन वर्षे गेली. पुढे सोण बुद्धदर्शनास निघाला तेव्हा स्थविरांनी ही अडचण त्याच्या मुखाने कळविली. बुद्धाने सीमावर्ती प्रदेशांसाठी दहाऐवजी पाचांच्या संघाने, त्यात एक विनयधर असल्यास, उपसंपदा देण्याची अनुज्ञा दिली. गणपूर्ती हा पवित्र आकडा नाही. तिचा हेतू पवित्र आहे. दूर राहणार्‍यांची अडचण ऐकून नियम बदलला गेला, आणि तो सभा सोयीची व्हावी म्हणून नव्हे, तर दूरच्यांनाही संघात येता यावे म्हणून.

आपल्या ग्रामसभेच्या कायद्यातही गणपूर्ती आहे : मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. परंतु तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की त्या अटीची गरज उरत नाही. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी, अशीही तरतूद आहे. यांतील कोणता नियम मनापासून पाळला जातो आणि कोणता केवळ वहीत, हे प्रत्येक गावाने स्वतःस विचारावे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. पुढच्याच महिन्याच्या आरंभी जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या दीक्षेमागेही एक दीर्घ निर्णयप्रक्रिया होती. येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा झाली. १९३६ च्या मे महिन्यात मुंबई इलाखा महार परिषदेपुढे बाबासाहेबांनी तो प्रश्न साधकबाधक विचारासह मांडला, आणि स्वतःच स्वतःचे दीप व्हा या बुद्धोपदेशाने भाषणाचा शेवट केला. एकवीस वर्षे वाचन, चर्चा आणि प्रतीक्षा झाली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याच्या सुमारे २५.८६ लाख लोकसंख्येत बौद्ध सुमारे १४ टक्के आहेत. एवढ्या समाजाची विहारे, मंडळे आणि शिक्षणसंस्था रोज लहानमोठे निर्णय घेत असतात. ते कसे घेतले जातात, यावर त्यांचे भवितव्य अवलंबून आहे.

उकरून काढणे म्हणजे काय?

आता त्या घाटाखालच्या विहाराकडे वळू. एकदा ठरलेले उकरून काढू नये, हे समितीचे म्हणणे विनयास धरून आहे काय? पाचित्तिय नियमांतील त्रेसष्टावा नियम नेमका हाच आहे. रीतसर निकालात निघालेले प्रकरण जाणूनबुजून पुन्हा उकरून काढणार्‍यास दोष लागतो. बाबासाहेबांच्या यादीतही हा दंडक आहे. संस्था स्थिर राहावयाची तर तो हवाच. परंतु त्याच नियमाच्या विवरणात अपवाद दिला आहे. कार्य अधम्माने झाले, किंवा अपुर्‍या संघाने झाले, हे जाणून जो ते पुन्हा उघडतो त्यास दोष नाही. वेचणीस गेलेल्या स्त्रियांचा छंद कोणी आणला नव्हता. सभा त्यांच्या बांधावर गेली नव्हती, किंवा सायंकाळपर्यंत थांबलीही नव्हती. रीत कदाचित बरोबर असेल, पण संघ अपुरा होता. चार प्रकारांपैकी तो तिसरा. म्हणून ते कार्य मुळी संघाचे कार्यच नव्हे.

आम्ही एवढेच त्या समितीपुढे मांडले. भिंत व्हावी की अभ्यासिका, हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, आणि आम्ही ते सांगितले नाही. पौर्णिमेच्या सायंकाळी, सर्वांस आगाऊ कळवून, दोन्ही बाजू मांडून पुन्हा बसावे, इतकेच सुचविले. काही वेळ कोणी बोलले नाही. मग समितीतीलच एका वयस्क उपासकाने वही पुढे ओढली आणि 'एकमताने' या शब्दाखाली रेघ मारून त्याच्यापुढे सभेस हजर असलेल्यांची संख्या लिहिली. ती अकरा होती.